सूर आणि झटका

८ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी ठणठणीत आहोत. तूही असशील असं धरून चालते.

तुझं पत्र मिळालं. दर रविवारी फोन असताना पत्र कशाला, असं आधी वाटलं. वाचल्यावर कळलं. फोनवर चिमी समोर असते आणि तुला तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे विचारायचं होतं. बरं केलंस. मलाही पत्रच सोयीचं पडतं, कारण फोनवर तुझा चेहरा दिसतो आणि तुझा रडवेला चेहरा मला लहानपणापासून सोसत नाही. तू ओठ काढलास की सगळं घर तुझ्याकडे धावायचं आणि ताईने काय केलं याची चौकशी बसायची. बहुतेक वेळा ताईने काही केलेलं नसायचं.

तर तुझा प्रश्न. चिमी फोनवर बोलत का नाही, मान खाली घालून का बसते, तू गाणं म्हटलंस तरी वर का बघत नाही. अगं, सहा वर्षांचं पोर ते. तू गेलीस तेव्हा तिला आज आणि उद्या यातला फरक कळत नव्हता. वर्षाचा करार म्हणालीस. नवऱ्याने हात वर केलेले, इथल्या एकाही इस्पितळात तुला नर्सची जागा मिळेना, तेव्हा मीच म्हटलं, जा तिकडे, पोरीला मी सांभाळते. मग तो करार मारुतीच्या शेपटासारखा वाढतच गेला. तुला दोष देत नाही. पण तू तिथून उंटावरून शेळ्या हाकणार आणि वर पोरीने तुझ्याकडे बघून हसावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तिच्या लेखी तू म्हणजे फोनमधली एक बाई आहेस, जिला सारखी सर्दी झालेली असते.

रागावू नकोस. मी अशीच बोलते, तुला माहीत आहे.

चिमी चांगली आहे. उंच झाली. पुढचे दात पडले. ताटातली भाजी निवडून बाजूला ठेवायची खोड गेली, वाढू ते खाते. केस कमरेपर्यंत आलेत, तुझ्यासारखेच दाट आणि तुझ्यासारखेच गुंतणारे. तू असताना वेणी घालायची म्हटलं की घर डोक्यावर घ्यायची, आठवतं? आता माझ्यापुढे बसली की हूं नाही की चूं नाही. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या शिंपीणबाई परवा म्हणाल्या की पोरीला वळण लावावं तर तुम्हीच. त्यांना तिचा तोंडवळाही माझ्यावर गेलेला वाटतो. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणून हसल्या. म्हणच आहे ती, मनाला लावून घेऊ नकोस.

लॅबमध्ये काम वाढलंय. तुला आमच्या उंदरांची किळस येते म्हणून आजवर कधी सविस्तर लिहिलं नाही. आज लिहिते. तुला थोडी किळस यायला हवी.

सध्या भीतीचा प्रयोग चाललाय. उंदराला एका पेटीत ठेवायचं. पेटीचा तळ म्हणजे स्टीलच्या बारीक सळ्या. थोड्या वेळाने एक सूर वाजतो, आणि सूर संपताना सळ्यांमधून झटका बसतो. मोठा नाही, मी बोट लावून पाहिलंय, मुंगी चावल्यासारखं वाटतं. असं काही वेळा करायचं. दुसऱ्या दिवशी उंदीर वेगळ्या पेटीत. झटका नाही, नुसता सूर. तर तो जागच्या जागी थिजतो. पळत नाही, चिरकत नाही, मिशीसुद्धा हलत नाही, नुसता श्वास चालू असतो. किती वेळ थिजला ते कंप्युटर मोजतो. आम्ही आपापसात याला सूर-झटका म्हणतो. शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला लिहावी तसं फळ्यावर लिहिलेलं असतं, मंगळवार, सूर-झटका.

मग त्या उंदराला कायमचं झोपवतात आणि मेंदू काढतात. काढायचं काम माझं. कवटी सोलायची, मेंदू खालून हलकेच सुटा करायचा आणि उचलायचा. शेंगदाण्याएवढा असतो. उजव्या बाजूला सुईने एक टोचा मारून ठेवायचा, नाहीतर काप केल्यावर डावं-उजवं समजत नाही. मग कागदाहून पातळ काप. प्रत्येक बाजूला आत खोलवर खसखशीच्या दाण्याएवढी एक जागा असते. भ्यालेल्या उंदराच्या त्या जागेतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली हिरव्या चमकतात. मला अजूनही ते बघायला आवडतं.

स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण माझ्या हातात उंदीर जेवढे शांत बसतात तेवढे कुणाच्याच बसत नाहीत. बाकीच्यांना चावतात, हातमोज्यांवर मुततात. मी ओंजळीत घेतला की गप्प. पहिल्या दिवशी ज्याने उंदीर नेला त्याने दुसऱ्या दिवशी नेऊ नये, असा नियम आहे खरा. पण नियम करणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई सध्या गावोगाव भाषणं देत फिरताहेत, आणि इथे बाकीच्यांचे हात लटपटतात. तेव्हा दोन्ही दिवस नेणं-आणणं माझ्याकडेच.

चिमी गप्प का, याचं उत्तर यात कुठेच आलं नाही असं तू म्हणशील. मला ठाऊक असतं तर दिलं असतं. तुझ्या वतीने तिचा पापा घेतला. तिने गाल पुसला. मुलं पुसतातच.

लोभ असावा.

तुझी ताई


१९ एप्रिल

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. आमची तब्येत उत्तम, तुझं पत्र वाचेपर्यंत होती.

करार संपला, जूनच्या पहिल्या आठवड्यात येतेस आणि चिमीला घेऊन जातेस. तिकडे घर घेतलंस, शाळा पाहिलीस, तिच्या खोलीला पिवळे पडदे लावलेस. पडद्यांचा रंग कळवायला विसरली नाहीस. मला विचारायला तेवढी विसरलीस. ‘ताई, तुझे उपकार जन्मात फिटणार नाहीत’ असं खाली लिहिलंयस. नाहीच फिटणार. म्हणून तर तू फेडायच्या भानगडीत न पडता सरळ मूल उचलून नेतेस.

तिचे ताप मी काढले. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी मी उभी होते आणि ती आत गेल्यावरही बराच वेळ उभी राहिले, वॉचमनने हटकलं तोवर. आता धुतलेलं-पुसलेलं, शहाणं झालेलं पोर तयार आहे, तर तू येणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तुला एक गंमत सांगते. आमच्याकडे कधी कधी एका उंदरिणीची पिल्लं दुसरीला द्यावी लागतात. आई मरते, दूध आटतं, किंवा प्रयोगच तसा असतो. नुसती नेऊन ठेवली तर दुसरी त्यांना खाऊनही टाकते. म्हणून आधी तिच्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा घ्यायचा आणि पिल्लांच्या अंगाला हलक्या हाताने चोळायचा. जुन्या आईचा वास मोडला की नवी त्यांना ओढून पोटाखाली घेते आणि चाटू लागते. इतकं सोपं आहे ते.

तू जाताना तुझा निळा स्वेटर चिमीच्या उशाशी ठेवून गेलीस ना? धुऊ नकोस हं ताई, त्याला माझा वास आहे, असं दारात दोनदा सांगितलंस. तुझी गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत मी तो गरम पाण्यात टाकला. संध्याकाळी चिमीने तो नाकाला लावला, इकडून तिकडून हुंगला आणि पलंगाखाली सरकवून दिला. मग माझ्याजवळ येऊन झोपली. तुला हे आजवर कळवलं नाही. आज कळवते, कारण तू पडदे कळवलेस.

मला मूल हवं होतं असं नाही. लोक तसं समजतात आणि माझ्याकडे कणवेने बघतात, त्यांना समजू दे. मला कुणीतरी माझ्या चाहुलीने दाराकडे धावत यायला हवं होतं, एवढंच. आई-बाबा तुझ्याकडे धावायचे. तुझा तो नालायक नवरासुद्धा लग्नाआधी आपल्या घराच्या जिन्यावरून तुझ्यासाठी धावत वर यायचा आणि मी दार उघडलं की त्याचा चेहरा पडायचा. चिमी पहिल्या काही महिन्यांत माझ्याकडे धावत यायची. आता मोठी झाली, धावत नाही, पण आहे तर इथेच.

आता मुद्द्याचं लिहिते, गोड लागणार नाही. ती तुला भिते. फोनवर तुझ्यासाठी तू स्वतःच एक निराळी धून लावून गेलीस, चार सुरांची, चिमीला कळावं की आई बोलावतेय. ती वाजली की पोर थिजतं. मी उगाच बोलत नाही, माझं आयुष्य थिजलेले जीव बघण्यात चाललंय. खांदे वर, मान आत, श्वास उथळ. तू समोरून ‘सोन्या, बघ ना’ करत असतेस तेव्हा तिला तुझं बोलणं ऐकूही येत नसावं.

आणि भीतीचं कसं असतं, ते तुझ्या नर्सिंगच्या पुस्तकात नसेल म्हणून सांगते. ती पुसली जात नाही. उंदराला नुसता सूर ऐकवत राहायचं, झटका द्यायचा नाही, असं केलं की काही दिवसांनी तो सुरावरही फिरायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, विसरला. त्याला उचलून भलत्याच पेटीत ठेव आणि तोच सूर वाजव. परत थिजतो. भीतीवर फक्त झाकण बसलेलं असतं आणि नव्या जागी ते निघतं. तुझं पिवळ्या पडद्यांचं घर ही चिमीसाठी नवी पेटीच. तिथे तू तिला कुरवाळशील, खेळणी आणशील, आणि ती तुझ्याकडे बघून दगड होईल. सहा महिन्यांनी मलाच फोन करशील, ताई, काय करू.

का भ्याली, असं विचारशील. ते देव जाणे.

माझं ऐकशील तर ये, चार दिवस राहा, लांबून बघ आणि परत जा. तुझं अजून वय काय आहे. दुसरं लग्न कर, दुसरं मूल होईल. चिमीचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. हे आईनेही तुला सांगितलं नसतं, कारण आई तुझ्याशी खोटं बोलायची. मी कधी बोलले नाही.

लोभ असावा.

तुझी ताई


२७ मे

धाकटे,

खुशाली विचारत नाही आणि कळवतही नाही.

तुझं शेवटचं पत्र समोर आहे. मला वाटलं होतं तू भांडशील, वकिलाचं नाव काढशील. मी त्याची तयारी करून बसले होते. तू लिहिलंस की रात्रभर विचार केला, ताईचं बरोबर असेल. पोर इतकी भीत असेल तर ओढून नेणार नाही. आल्यावर तुझ्यासमोर तिलाच विचारेन, आणि ती म्हणेल तसंच करेन. तिने ‘मावशीकडे राहते’ म्हटलं तर आल्या पावली परत जाईन.

आणि खाली ताजा कलम म्हणून गेल्या रविवारच्या फोनचा आनंद. चिमी अर्धा तास बोलली. पडलेल्या दातांची जागा दाखवली, शिंपीणबाईंच्या बटणांच्या डब्यात काय काय आहे ते सांगितलं, तू हसलीस, ती हसली. ‘ताई, तू काय जादू केलीस?’ असं विचारतेस.

जादू एवढीच की मी तिथे नव्हते. आता हे नीट वाच आणि मधे उठू नकोस.

गेल्या उन्हाळ्यातलं आहे. रविवारी तुझ्या फोनच्या आधी मी चिमीचे केस विंचरायचे, तुला ती नीटनेटकी दिसावी म्हणून. तेव्हा खरंच तेवढ्याचसाठी. एकदा कंगवा गुंत्यात असतानाच तुझी धून वाजली. मी घाई केली, हिसका बसला, कंगव्याबरोबर केस उपटून आले. चिमी किंचाळली. फोन उचलला तेव्हा ती रडतच होती. तुला वाटलं तुझ्या आठवणीने रडतेय, मग तूही रडलीस. पुढच्या रविवारी धून वाजली आणि कंगव्याला मी जोर द्यायच्या आधीच तिने खांदे आवळले.

मी जागीच ओळखलं. कसं ओळखणार नाही? दिवसभर पगार घेऊन तेच तर बघते. दुसरी कुणी असती तर तिने कंगवा खाली ठेवला असता, पोरीला जवळ घेतलं असतं. मी त्याच्या पुढच्या रविवारी चिमीला वेळेवर पुढ्यात बसवलं, कंगवा गुंत्यात अडकवला आणि धून वाजायची वाट बघत बसले.

मग दर रविवारी तेच. जोरात नाही. रक्त आलं नाही, खूण राहिली नाही, शाळेत कुणाला काही दिसलं नाही. हिसका जोरात असावा लागत नाही, वेळेवर असावा लागतो. फोन ठेवला की मी तिला मांडीवर घेऊन थोपटायचे आणि म्हणायचे, झालं हं, आई गेली. दर वेळी हेच शब्द. तेही ठरवून.

मला वाटत होतं की माझं काम उत्तम चाललंय. घरातलंही आणि लॅबमधलंही.

या महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरीणबाई भाषणं आटोपून परतल्या. आल्या आल्या माझ्या उंदरांचे निकाल काढून बसल्या. थोड्या वेळाने मला हाक मारली आणि पडद्यावर चित्रफीत दाखवली. दुसऱ्या दिवसाची, नव्या पेटीची. मी उंदीर आत ठेवते, झाकण लावते, बाजूला होते. सूर वाजायला अजून अवकाश आहे आणि उंदीर थिजलेला. दुसरी फीत, तसंच. तिसरी, तसंच.

“दोन्ही दिवस कोण नेत होतं यांना?”

मी म्हटलं, मीच. माझ्या हातात ते शांत असतात.

बाईंनी चष्मा काढला. त्या ओरडणाऱ्यांपैकी नाहीत. म्हणाल्या, “शांत नव्हते हो ते. सुराला नाही घाबरत हे उंदीर. तुम्हाला घाबरतात.”

सगळे काप टाकून द्यावे लागले. हिरवं चमकणारं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने बोलावून दाखवत होते, या, बघा सुराची भीती कशी दिसते म्हणून. ती सुराची नव्हती. उंदराला पेटीत झटका बसायचा त्याच्या आधी नेहमी माझा हात यायचा, माझे हातमोजे, माझ्या अंगाचा वास. त्याने सूर कशाला लक्षात ठेवावा? त्याच्याकडे त्याहून पक्की खूण होती.

तुला वाटेल, हे ऐकून मी धावत घरी गेले असेन आणि पोरीला उराशी धरलं असेल. तसं काही झालं नाही. मी चिडले होते. बाईंवर, उंदरांवर, आणि बसमध्ये शेजारी बसून काहीतरी कुरकुरीत खाणाऱ्या माणसावरही. घरी आल्यावर चिमी कोपऱ्यात रंगवत बसली होती. मी दार उघडलं आणि तिचा खडू थांबला. पहिल्यांदाच माझं तिकडे लक्ष गेलं. मी आत येऊन चपला काढीपर्यंत तो कागदावर तसाच टेकलेला होता.

मग मी तेच केलं जे आम्ही लॅबमध्ये शंका आल्यावर करतो. माणूस बदलला. गेल्या रविवारी फोन आणि चिमी दोघांना शिंपीणबाईंकडे सोपवलं, बाजारात जाऊन येते असं सांगितलं आणि त्यांच्या दाराबाहेर जिन्यात उभी राहिले. आणखी एक प्रयोग, त्याच पोरीवर. दार अर्धवट उघडं होतं. तुझी धून वाजली. मी उभ्या उभ्या मनात म्हणत होते, थिज. अगदी असंच म्हणत होते. एवढं सगळं कळूनही.

ती बटणं टाकून फोनकडे धावली. “आई आली, आई आली” म्हणत शिंपीणबाईंच्या मांडीवर चढली आणि स्वतः बोट लावून फोन उचलला. पुढचं तुला माहीत आहे. तुम्ही दोघी हसत होतात ते मी बाहेर भिंतीला टेकून सगळं ऐकलं. दोन हिवाळे मी तिचे ताप काढले आणि मला तिचं ते हसणं ओळखीचंही नव्हतं.

तू फोन ठेवल्यावर मी आत गेले. मुद्दाम हसत गेले. चिमीने मला पाहिलं, शिंपीणबाईंच्या मांडीवरून उतरली, माझ्याकडे पाठ केली आणि खाली फरशीवर बसली. केस तिने स्वतःच पुढून मागे घेतले. मग मान खाली घातली आणि वाट बघत राहिली.

शिंपीणबाई म्हणाल्या, बघा, किती शिस्तीची पोर.

माझ्या हातात बाजाराची पिशवी होती, रिकामी. मी काय केलं असेल असं तुला वाटतं? मी म्हटलं, ऊठ, घरी चल. ती उठली आणि चालू लागली. ती सगळंच ऐकते. मी तुला मोठ्या अभिमानाने तसं लिहिलंही होतं.

तुला भीती वाटत असेल की मी तिला मारत होते, उपाशी ठेवत होते. नाही. जेवू घातलं, कपडे केले, गोष्टी सांगितल्या. माझा जीव आहे तिच्यावर. हे खोटं नाही आणि याने काही सुटतही नाही. जीव नसता तर मी एवढी मेहनत घेतलीच नसती.

माफी मागत नाही. तू भोळी आहेस, रडत रडत माफ करून टाकशील, आणि मग मला तुझा आणखी राग येईल. तुझ्या त्या निळ्या स्वेटरचा, पडद्यांचा, सगळ्याचा मला अजून राग आहे. तो गेलेला नाही, तेव्हा या पत्रामुळे मी सुधारले असं समजू नकोस.

हे सगळं लिहायचं कारण निराळं आहे. तू तिला विचारणार आहेस.

काल मी विचारून पाहिलं. ती जेवत होती, मी समोर बसले, आवाज जमेल तितका मऊ केला. आई येणार आहे, म्हटलं. आईबरोबर जाशील की इथे राहशील? तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. हात टेबलावर होते, रिकामे.

“इथे,” म्हणाली. “तुझ्याजवळ.”

आई आवडते ना तुला, मी विचारलं. तिने पुन्हा हातांकडे पाहिलं.

“नाही.”

हेच ऐकण्यासाठी मी वर्षभर खपले, आणि ते इतक्या सहज मिळालं. ती इतकी नीट बोलली की कुठल्याही कोर्टात चालेल. तू माझ्यासमोर विचारलंस तर तुलाही हेच सांगेल, तुझ्या डोळ्यात बघून सांगेल, आणि तू तुझ्या स्वभावाप्रमाणे पोरीच्या मनाविरुद्ध नको म्हणून बॅग उचलून परत जाशील. मला काहीच करावं लागणार नाही. नुसतं शेजारी उभं राहायचं.

कालपासून मी तोच विचार करतेय. नुसतं शेजारी उभं राहायचं. आत्ता हे लिहितानाही करतेय. म्हणून पत्र आजच टाकते, उद्यापर्यंत घरात राहिलं तर ते फाडलं जाईल.

तेव्हा ऐक. येशील त्या दिवशी मी कामावर असेन. चिमी शिंपीणबाईंकडे असेल, तिची बॅग तिथेच ठेवते. वर येऊ नकोस, माझ्यासाठी थांबू नकोस. तिला काही म्हणजे काही विचारू नकोस. निघताना मी मधे आले आणि ती माझ्याकडे बघून ‘नको’ म्हणाली, तरी उचल आणि ने. तिथे पोचल्यावर ती तुला माझ्याबद्दल चांगलंच सांगेल, बराच काळ सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस.

लोभ असावा असं लिहायची हाताला सवय आहे. नको ठेवूस.

ताई